अंमल आणि अवशेष

मराठी भाषेंत कैफ 'चढतो' आणि 'उतरतो'. दारू असो, भांग असो कीं गांजा असो, सर्वांना आपण हींच दोन क्रियापदें लावितों. जणूं शरीर म्हणजे एखादा घाट आणि मादक द्रव्य म्हणजे तो चढून उतरणारा वाटसरू. पलीकडच्या पायथ्याशीं तो पोंचला कीं त्याचा आपला संबंध संपला! दारूच्या बाबतींत ही कल्पना बऱ्याच अंशीं खरी आहे. भांग, गांजा व चरस या एकाच झाडाच्या तीन रूपांच्या बाबतींत मात्र ती अपुरी पडते. येथें वाटसरू घाट उतरतो खरा, पण तो गांव सोडून जात नाहीं. शरीराच्या एका कोपऱ्यांत तो बिऱ्हाड थाटतो आणि पुढें कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे, तेथें राहतो. चढणें आणि उतरणें यांच्या जोडीला 'उरणें' हें तिसरें क्रियापद या द्रव्याला लावावें लागतें. आणि हें तिसरें क्रियापद मनुष्याला सांपडावयास शतकेंच्या शतकें लागलीं.

हा विषय केवळ वैद्यांचा किंवा रसायनशास्त्रज्ञांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. मुलगा परगांवीं शिकावयास असतो. नोकरीच्या किंवा खेळाच्या निमित्तानें त्याच्या लघवीची तपासणी होते. कागदावर एक शब्द उमटतो आणि घरांत आकांत होतो. त्या शब्दाचा अर्थ काय लावावयाचा? मुलगा त्या दिवशीं धुंदींत होता, कीं पंधरवड्यापूर्वीं कोणाच्या तरी संगतीनें त्यानें चार झुरके घेतले होते, कीं तो रोजचा गंजेकस झाला आहे? उलट पक्षीं, संध्याकाळचा कैफ रात्रीं उतरला, सकाळीं मुलगा शुद्धीवर दिसला, एवढ्यावरून 'झालें गेलें गंगेला मिळालें' असें मानावयाचें काय? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच भेदावर अवलंबून आहेत. द्रव्याचा अंमल वेगळा आणि द्रव्याचा अवशेष वेगळा. हा भेद कसा कळत गेला आणि तो न कळल्यामुळें काय अन्याय व काय अनर्थ झाले, हें पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या झाडाची आपल्या देशाशीं ओळख फार जुनी. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत संकटांतून सोडविणाऱ्या वनस्पतींबरोबर 'भंग' हें नांव येतें. तीच आजची भांग कीं काय याविषयीं पंडितांत वाद आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा उल्लेख पुष्कळ नंतरचा, शार्ङ्गधरसंहितेंतला आहे. या मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत औषधांच्या गुणांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. त्यांत 'व्यवायी' म्हणून एक गुण आहे. सामान्य पदार्थ आधीं पचतो व मग अंगाला लागतो. व्यवायी द्रव्य मात्र आधीं सगळ्या शरीरांत पसरतें आणि पचन मागाहून होतें. या गुणाचीं उदाहरणें म्हणून ग्रंथकारानें दोनच नांवें घेतलीं आहेत : भांग आणि अफू. प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असें म्हणण्याची आपल्याकडे एक हौस आहे; तिला येथें खतपाणी घालावयाचें नाहीं. शार्ङ्गधराला रक्तांतले कण मोजतां येत नव्हते आणि चरबींतला सांठाही त्याला दिसला नव्हता. पण शरीरभर पसरणें आणि शरीरांतून निकालांत निघणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, त्यांचा वेग एक नसतो, हें त्या निरीक्षकाच्या डोळ्यांनीं टिपलें होतें. पुढच्या लोकांनीं हें सूत्र पाठ केलें, त्याचा पाठपुरावा मात्र कोणी केला नाहीं.

यानंतरचा महत्त्वाचा साक्षीदार आपल्या शेजारींच, गोव्यांत, सांपडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला आणि गोव्यांत स्थायिक झाला. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवर त्यानें संवादरूपानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याच्याविषयीं एक गोष्ट ओर्तानें नोंदविली आहे. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण अशी कोठेंही सफर करावीशी वाटली कीं आपण थोडी भांग खातों, असें सुलतानानें सांगितलें होतें म्हणे. ओर्तानें आपल्या नोकरांकडूनही माहिती काढली. चोरून भांग खाल्ली कीं कामाचे श्रम जाणवत नाहींत, मन आनंदी होतें आणि खाण्याची वासना वाढते, असें त्यांनीं त्याला सांगितलें. चारशें साठ वर्षांपूर्वींच्या त्या नोकरांचें निरीक्षण अचूक होतें. भूक वाढण्याचें कारण आज शास्त्रानें शोधून काढलें आहे. पण ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सुलतान काय आणि नोकर काय, दोघांचाही हिशेब एका रात्रीचा किंवा एका दिवसाचा होता. सफर संपली, सुलतान परत आला; भांग परत गेली कीं राहिली, हा प्रश्न कोणाला सुचलाच नाहीं. ओर्ता स्वतः १५६८ सालीं वारला. ज्यू धर्म गुप्तपणें पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्यें इन्क्विझिशननें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. मनुष्य गेला तरी त्याच्या अवशेषांवरून निवाडा करावयाचा, ही त्या न्यायासनाची रीत होती. अवशेषावरून निवाडा करण्याचा मोह पुढें दुसऱ्या रूपानें पुन्हां भेटणार आहे.

गोव्यानंतर पावणेतीनशें वर्षांनीं या द्रव्याला पहिला घड्याळवाला परीक्षक कलकत्त्यांत भेटला. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर १८३३ मध्यें कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. हिंदुस्थानांत तारायंत्र उभारणारा पुढें तोच. १८३९ मध्यें त्यानें गांजावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. आधीं त्यानें जनावरांवर प्रयोग केले, मग संधिवात, कॉलरा, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश अशा दुखण्यांच्या रोग्यांना राळेचा अर्क दिला. किती मात्रा दिली, किती वाजतां दिली, किती तासांनीं परिणाम दिसला, किती तासांनीं रोगी पूर्वस्थितीवर आला, हें सारें त्यानें टिपून ठेविलें. एका संधिवाताच्या रोग्याची तर अशी स्थिति झाली कीं हात जसा उचलून धरावा तसाच तो अधांतरीं राही. पण कांहीं तासांनीं तो आपोआप शुद्धीवर आला. ओशॉनेसीच्या लेखणीमुळें युरोपीय वैद्यकांत या औषधाचा प्रवेश झाला. त्याची पद्धति निर्दोष होती, परंतु तिची मर्यादाही स्पष्ट होती. त्याचें घड्याळ रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहून चाले. चेहरा निवळला कीं घड्याळ थांबे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गांजाचा प्रश्न वैद्यकांतून राज्यकारभारांत आला. वेड्यांच्या इस्पितळांत येणाऱ्या रोग्यांच्या नोंदवहींत 'वेडाचें कारण' असा एक रकाना असे. रोग्याला बहुधा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेट पाठवीत. त्याच्याबरोबर माहितीचा कागद येई. कारण ठाऊक नसलें तरी रकाना भरलाच पाहिजे. मग मनुष्य फकीर किंवा बैरागी दिसला, अंगाला धुराचा वास आला, कोणी 'हा चिलीम ओढी' असें म्हणालें, कीं कारकून 'गांजा' हा शब्द लिहून मोकळा होई. वर्षअखेर हे रकाने मोजले जात आणि त्यांचा सरकारी तक्ता होई. तो तक्ता विलायतेस पोंचला म्हणजे गांजा हिंदुस्थानांत लोकांना वेडें करीत सुटला आहे अशी समजूत तिकडे दृढ होई. एका कारकुनाचा अंदाज असा तीन टप्प्यांत शास्त्रीय सत्य बनत असे.

२ मार्च १८९३ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते विल्यम केन यांनीं या विषयावर प्रश्न विचारला आणि त्यांतून 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन' नेमलें गेलें. अध्यक्ष मॅक्वर्थ यंग. एकूण सभासद सात, त्यांत तीन हिंदी. कमिशननें देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचीं म्हणणीं घेतलीं. आपल्या मुंबई इलाख्यांत गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, होत असे. तिचीही चौकशी झाली. पण कमिशनची खरी कामगिरी इस्पितळांच्या नोंदवह्यांत आहे. त्यानें छापील तक्ते बाजूस ठेविले आणि १८९२ सालच्या एकेका रोग्याची पुन्हां विचारपूस केली. त्या वर्षीं एकंदर १३४४ रोगी दाखल झाले होते व त्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें गांजा-भांगेचें कारण लिहिलें होतें. चौकशीअंतीं त्यांतले ९८ च कसेबसे टिकले. आणि निव्वळ याच द्रव्यानें वेड लागलें असें ज्यांच्याविषयीं म्हणतां येईल ते अवघे ६१ भरले. बाकीच्यांच्या बाबतींत गांजा ओढला होता एवढेंच फार तर खरें होतें. वेडाचें कारण गांजा हें खरें नव्हतें.

१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता कीं, माफक सेवनानें फारशी हानि होत नाहीं, अतिसेवनानें होते, आणि संपूर्ण बंदीपेक्षां कर व नियंत्रण हा मार्ग श्रेयस्कर. हा निष्कर्ष एकमुखी नव्हता. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघां हिंदी सभासदांनीं आपलीं भिन्न मतें जोडलीं. त्यांना अधिक कडक धोरण हवें होतें. ज्या समाजांत हें व्यसन प्रत्यक्ष दिसत होतें त्या समाजांतले हे गृहस्थ होते, हें विसरून चालणार नाहीं. तथापि निष्कर्षापेक्षां कमिशनची पद्धति अधिक टिकाऊ ठरली. एखाद्या मनुष्याच्या आयुष्यांत गांजा सांपडणें हें एक विधान. त्याच्या स्थितीला गांजा कारण असणें हें दुसरें विधान. पहिल्यावरून दुसरें आपोआप निघत नाहीं. हा धडा कमिशननें घालून दिला.

मात्र कमिशनच्या हातीं एक साधन नव्हतें. गांजाचें सत्त्व कोणतें हेंच त्या काळीं ठाऊक नव्हतें. अफूंतलें मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच वेगळें काढलें गेलें होतें. गांजाचें सत्त्व तेलकट, चिकट राळेंत मिसळलेलें, स्फटिकरूप न होणारें, त्यामुळें तें रसायनज्ञांना दाद देईना. अखेर १९६४ मध्यें इस्रायलमध्यें राफाएल मेशूलम व येहिएल गाओनी यांनीं तें शुद्ध रूपांत वेगळें काढून त्याची रचना निश्चित केली. या कामासाठीं लागणारें चरस मेशूलमनें पोलिसांनीं जप्त केलेल्या मालांतून मिळविलें होतें. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हें त्या सत्त्वाचें नांव. संक्षेपानें त्याला 'टीएचसी' म्हणतात. १९८८ मध्यें मेंदूंत या सत्त्वाची बैठक सांपडली. १९९२ मध्यें त्याच बैठकीवर बसणारें, शरीर स्वतःच निर्माण करीत असलेलें एक द्रव्य मिळालें. मेशूलमच्या प्रयोगशाळेनें त्याला 'आनंदामाइड' असें नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द आपल्या संस्कृतांतला 'आनंद'.

सत्त्व हातीं आल्यावर त्याचा माग काढणें शक्य झालें. १९७० मध्यें अमेरिकेंत लुई लेम्बर्गर व त्याचे सहकारी यांनीं एक प्रयोग केला. या सहकाऱ्यांत त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालेला ज्यूलियस ॲक्सेलरॉड हाही होता. त्यांनीं टीएचसीवर किरणोत्सर्गी खूण केली आणि तें अल्प प्रमाणांत निरोगी माणसांच्या शिरेंत टोचलें. खूण असल्यामुळें द्रव्य कोठें जातें हें दिसणार होतें. जें दिसलें त्यानें ओशॉनेसीचें घड्याळ कायमचें अपुरें ठरविलें. कैफ कांहीं तासांचा. पण सत्त्व रक्तांत तीन दिवसांहून अधिक काळ सांपडत राहिलें, आणि त्यापासून झालेले अंश मलमूत्रांतून आठ दिवसांहून अधिक काळ बाहेर पडत राहिले. अंमल आणि अवशेष यांची फारकत प्रथमच मोजली गेली.

असें कां व्हावें? दारू पाण्यांत मिसळणारी आहे. ती शरीरांतल्या पाण्यांत सारखी पसरते आणि यकृत तिला जवळजवळ एकाच वेगानें जाळीत राहतें. म्हणून रक्तांतल्या दारूचा आंकडा आणि मनुष्याची धुंदी यांची बरीच सांगड बसते. टीएचसीला पाण्याचें वावडें आणि स्निग्धाची ओढ. चिलमीचा झुरका घेतला कीं तें फुप्फुसांतून रक्तांत शिरतें आणि पांच-दहा मिनिटांतच रक्तांत त्याचा कळस होतो. मग तें झपाट्यानें रक्त सोडून मेंदू, यकृत इत्यादि अवयवांत आणि शेवटीं चरबींत जाऊन बसतें. धुराचा अंमल अर्ध्या तासाच्या आंत शिगेस पोंचतो व दोन-तीन तासांत ओसरतो. भांग घोटून प्याली किंवा माजुमाची वडी खाल्ली तर गोष्ट निराळी. परिणाम दिसूं लागावयासच अर्ध्यापासून दीड तास लागतो, आणि यकृतांत टीएचसीपासून तितकेंच मादक दुसरें द्रव्य बनत असल्यामुळें अंमल आठ-दहा तासही रेंगाळतो. होळीच्या दिवशीं 'कांहींच होत नाहीं' म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची जी फजिती, आणि कधीं कधीं जी भयंकर घाबरगुंडी, होते तिचें कारण हेंच.

चरबींत बसलेलें सत्त्व तेथून थोडें थोडें रक्तांत झिरपतें. यकृत त्याचें रूपांतर शेवटीं एका निरुपद्रवी आम्लांत करतें. त्याचा मोठा भाग पित्तावाटे आंतड्यांत जाऊन मळाबरोबर पडतो, सुमारें पंचमांश लघवींतून जातो, आणि आंतड्यांतून कांहीं अंश पुन्हां रक्तांत शोषला जातो. एकदांच घेतलेल्या मात्रेचा ऐशी ते नव्वद टक्के भाग पांच दिवसांत निघून जातो. पण रोज ओढणाऱ्याच्या चरबींत कालचा सांठा संपण्यापूर्वींच आजचा येऊन पडतो. म्हणून एखाद्या वेळीं ओढणाऱ्याच्या लघवींत हें आम्ल नेहमींच्या कसोटीला साधारण तीन-चार दिवस सांपडतें, तर नित्य ओढणाऱ्याच्या लघवींत तें महिनाभरही सांपडूं शकतें. १९८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ८६ जुन्या व्यसनी लोकांना कडक देखरेखीखालीं गांजापासून दूर ठेवून रोज तपासलें गेलें. लघवी निर्मळ व्हावयास सरासरी २७ दिवस लागले. एकाच्या बाबतींत सलग दहा दिवस निर्मळ लघवी येईपर्यंत ७७ दिवस गेले. केंसांत तर ही खूण केंस वाढेल तशी पुढें सरकत जाते आणि सुमारें तीन महिन्यांचा इतिहास सांगते. लिंबाचा रस, ताक, तूप इत्यादि उतारे घरोघर सांगितले जातात. चरबींतल्या या बिऱ्हाडकरूला त्यांपैकीं कशानेंही लवकर हुसकून लावतां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. लघवीची पट्टी जें दाखविते तें मादक सत्त्व नव्हेच. तें त्याचें मृत, निरुपद्रवी रूपांतर आहे. पट्टी सांगते : 'येथें कोणी येऊन गेला.' तो आज आहे कीं पंधरवड्यापूर्वीं गेला, एकदां आला कीं रोज येतो, हें तिला ठाऊक नसतें. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध केले, पण शेंड्यांवांचूनचीं पानें, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर ठेविली. म्हणून कांहीं राज्यांत तिचीं परवान्याचीं दुकानें चालतात. कायद्याला हा भेद कळतो. लघवीला कळत नाहीं. परवान्याच्या दुकानांतली भांग आणि चोरट्या बाजारांतला गांजा यांचा अवशेष एकच. या स्थितींत पट्टीवरच्या रेघेवरून मनुष्याची त्या दिवसाची शुद्ध किंवा त्याचें चारित्र्य ठरविणारा अधिकारी आणि १८९२ सालच्या इस्पितळांतला तो कारकून यांच्यांत फरक कोणता? दोघेही अवशेषावरून निवाडा करतात. कारकुनाजवळ धुराचा वास होता, अधिकाऱ्याजवळ रसायन आहे. रसायन खोटें बोलत नाहीं, पण त्याला जें विचारलें नाहीं त्याचें उत्तर आपण त्याच्या तोंडीं घालतों.

ही गोष्ट हळूहळू मान्य होऊं लागली आहे. क्रीडास्पर्धांतील उत्तेजक द्रव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनें २०१३ मध्यें या आम्लाची मर्यादा दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमवरून एकदम १५० वर नेली. स्पर्धेच्या दिवशीं घेणारा सांपडावा, आठवड्यांपूर्वीं घेणारा सांपडूं नये, हा तिचा उद्देश. आपल्या मोटार वाहन कायद्यानें दारूसाठीं रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागें ३० मिलिग्रॅम हा आंकडा ठरवून दिला आहे, इतर मादक द्रव्यांना आंकडा दिलेला नाहीं. गाडीवर ताबा ठेवतां येऊं नये इतका अंमल होता काय, हाच तेथें प्रश्न. अमेरिकेंतील वॉशिंग्टन व कोलोरॅडो या संस्थानांनीं गांजासाठींही रक्ताचा आंकडा ठरविला आहे. परंतु रोज ओढणाऱ्याच्या रक्तांत अल्प टीएचसी कित्येक दिवस शिल्लक असतें आणि नवख्याच्या रक्तांतलें टीएचसी त्याचा अंमल टिकून असतांनाच झपाट्यानें घटतें, त्यामुळें हा आंकडा दोन्ही बाजूंनीं फसवूं शकतो.

येथवर वाचून एखादा तरुण वाचक मनांत म्हणेल, 'मग अवशेष निरुपद्रवी, तर भीति कशाची?' त्यानें थोडें थांबावें. अवशेष म्हणजे अंमल नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच अंमल उतरला म्हणजे परिणाम संपला असें नव्हे, हेंही खरें. २००१ सालीं हॅरिसन पोप यांनीं जुन्या व्यसनी लोकांची स्मरणशक्ति, गांजा सोडविल्यानंतर ठराविक दिवसांनीं, तपासली. सोडल्यापासून सातव्या दिवशींही शब्द लक्षांत ठेवण्यांत ते मागें पडत होते. अठ्ठाविसाव्या दिवशीं हा फरक उरला नव्हता. ही बातमी आशेची आहे आणि इशाऱ्याचीही. बुद्धि परत येते, पण तिला महिना द्यावा लागतो. जो विद्यार्थी दर शनिवारीं 'उतरतो' आणि सोमवारीं अभ्यासाला बसतो, त्याची बुद्धि सोमवारीं पुरती परतलेली असते असें समजूं नये.

व्यसन जडत नाहीं, हा दुसरा भ्रम. गांजा वापरून पाहणाऱ्यांपैकीं सुमारें दहांत एकाला तो सुटेनासा होतो. लहान वयांत सुरुवात करणाऱ्यांत हें प्रमाण अधिक. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचीड, निद्रानाश, अरुचि, बेचैनी सुरू होते, पहिल्या आठवड्यांत ती वाढते आणि साधारण दोन आठवड्यांत निवते. सांठा हळूहळू झिरपत असल्यामुळें हा त्रास दारू किंवा अफूसारखा एकदम उसळत नाहीं, एवढेंच. शिवाय अंमल असतांना नाडी जलद होते. हृदयविकार असणाऱ्यानें तें हलकें लेखूं नये. अंमलांत वाहन चालविणें धोक्याचें आहे, हें तर सांगावयास नकोच. गर्भवतीच्या रक्तांतलें सत्त्व वारेंतून गर्भाला पोंचतें आणि आईच्या दुधांत तें शेवटच्या सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत सांपडलें आहे. दुधांत स्निग्ध असतें. स्निग्धाची ओढ असलेलें द्रव्य तेथें जाणारच.

राहिला वेडाचा प्रश्न. १८९४ च्या कमिशननें तो निकालांत काढला असें कित्येकांना वाटतें, तसें नाहीं. कमिशननें ६१ रोगी नाकारले नाहींत, ही गोष्ट त्याचा अहवाल ढालीसारखा पुढें करणारे विसरतात. स्वीडनमध्यें १९६९-७० सालीं सैन्यभरतीस आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षें पाठपुरावा केला गेला. भरतीपूर्वीं पन्नासाहून अधिक वेळां गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलें. कोणतें कारण व कोणतें कार्य, याविषयीं कांहीं काळ वाद चालला. ओढणाऱ्यांपैकीं बहुसंख्यांना हा रोग झाला नाहीं, हेंही खरें. पण नंतरच्या अभ्यासांनीं दिशा तीच दाखविली : लहान वय, रोजचें सेवन आणि तीव्र माल या तिन्ही गोष्टी जुळल्या, त्यांतून घराण्यांत मानसिक रोगाचा वारसा असला, तर धोका खराखुरा आहे. आणि मालाची तीव्रता वाढत आहे. अमेरिकेंत जप्त होणाऱ्या गांजांत १९९५ मध्यें सुमारें चार टक्के टीएचसी होतें. २०१४ मध्यें तें बारा टक्के झालें. ज्या भांग-गांजाच्या माफक सेवनाविषयीं कमिशननें आपलें मत दिलें त्याच्याशीं आजच्या निवडक जातींच्या मालाची तुलना करणें म्हणजे ताडीवरचा अभिप्राय ब्रँडीला लावण्यासारखें आहे.

तेव्हां या इतिहासापासून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे, आणि त्याचीं दोन्ही अंगें एकदम धरून ठेवणें अवघड असलें तरी आवश्यक आहे. पालकांनीं, प्राचार्यांनीं आणि अधिकाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, कागदावरची एक नोंद हा चौकशीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. कमिशननें रोग्यांच्या वह्या पुन्हां उघडल्या. आपल्याला एका मुलाला जवळ बसवून केव्हां, किती, कोणाबरोबर आणि कशासाठीं, एवढे चार प्रश्न शांतपणें विचारावयाचे आहेत, आणि जरूर तर त्याला मनोरोगाच्या जाणत्या वैद्याकडे न्यावयाचें आहे. तरुणांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, शरीराची वही मनाच्या वहीपेक्षां सावकाश लिहिली जाते व सावकाश पुसली जाते. रात्रीच्या आनंदाचा हिशेब सकाळीं पुरा झाला असें मनाला वाटतें. शरीराचें खातें त्यानंतर कित्येक दिवस उघडें असतें, आणि त्या दिवसांचें व्याज कोणी, केव्हां आणि किती भरावयाचें, तें आधीं कोणालाच सांगतां येत नाहीं.